भरतीच्या वेळा आणि एजंटचा डिबगर : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२६

मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याला जाणाऱ्या लाँचचं वेळापत्रक लावणारा जुना प्रोग्राम आमच्याकडे दुरुस्तीला आलाय. मोरा बंदरात गाळ साचल्यामुळे मोठ्या ओहोटीला लाँच जेट्टीला लागत नाही, म्हणून त्या तासांत फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. प्रोग्रामचं काम तसं साधं : अपोलो बंदरचा भरती-ओहोटीचा तक्ता वाचायचा, त्यात जेट्टीपुरती दुरुस्ती धरायची, 'बंद'ची वेळ काढायची आणि उरलेल्या वेळेत फेऱ्या बसवायच्या. तक्रार अशी की 'बंद' संपल्यावरची पहिली लाँच पोचते तेव्हा पाणी पुरेसं चढलेलं नसतं. मग लाँच बाहेर उभी, आत उतारू वैतागलेले, आणि शिव्या लाँच चालवणाऱ्या तांडेलाला.

प्रोग्राम पायथॉनमध्ये आहे, उंची मोजणारा एक छोटा भाग सी भाषेत. लिहिणारा माणूस कधीच सोडून गेलाय, टिपणं नाहीत. कोड एआय एजंटला, म्हणजे स्वतः कोड वाचून, चालवून बघणाऱ्या मॉडेलला, वाचायला दिला. त्याने वाचून काही संशय काढले, सगळे पटण्यासारखे, आणि पुरावा एकालाही नाही. मग जिथेतिथे प्रिंटच्या, म्हणजे आतली मूल्यं छापणाऱ्या, ओळी घातल्या, प्रोग्राम चालवला, आउटपुट वाचलं, आणखी प्रिंट घातले. शेवटी फाइलमध्ये मूळ कोड शोधावा लागत होता.

प्रिंटला माझा विरोध नाही. पन्नास ओळींच्या स्क्रिप्टला प्रिंटच बरा. पण प्रिंट घालायला आधी कुठल्या मूल्यावर संशय आहे ते माहीत लागतं, आणि इथे नेमकं तेच माहीत नाही. प्रोग्राम थांबवून आत काय काय आहे ते बघता यायला हवं. म्हणजे एजंटच्या हातात डिबगर. दुरुस्तीसोबत तेही बनवायचं ठरलं. ऑफिसात दोघांनी 'दुरुस्तीपेक्षा अवजार मोठं' म्हणून डोळे फिरवले, फिरवोत.

७ जानेवारी

पाया तयार आहे, तो नव्याने घालायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड या एडिटरसाठी आखलेला डिबग अडॅप्टर प्रोटोकॉल, म्हणजे डीएपी (एडिटर आणि डिबगर यांच्या बोलण्याची ठरलेली रीत), आता बहुतेक डिबगर बोलतात : पायथॉनचा डिबगपाय, एलएलव्हीएमचा एलएलडीबी-डॅप, आणि १४व्या आवृत्तीपासून सी भाषेसाठी वापरला जाणारा खुद्द जीडीबी. संदेश सगळे जेसनमध्ये. एजंटच्या बाजूला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने खुला केलेला, मॉडेलला बाहेरची अवजारं जोडून देणारा एमसीपी. दोन्हींच्या मध्ये आमचं टूल.

सर्वांत सरळ वाट आधी चालून पाहिली. डीएपीची जी मागणी, तेच एजंटला एक बटण. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची जागा) लाव, पुढे चालव, स्टॅक (एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांची चळत) दाखव, त्यातल्या एका फ्रेमचे, म्हणजे एका फंक्शनचे, स्कोप (नावांचे गट) दाखव, त्या स्कोपमधले व्हेरिएबल दाखव. चालतं सगळं. पण डीएपीची रचना माणसाच्या स्क्रीनसाठी आहे. व्हेरिएबलपुढे छोटा त्रिकोण असतो, माणूस क्लिक करतो, आतला पदर उघडतो, पुन्हा क्लिक. त्याला त्याचं काही वाटत नाही. एजंटला मात्र प्रत्येक त्रिकोण म्हणजे मॉडेलची एक पूर्ण फेरी, आणि दर फेरीला आधीचं सगळं संभाषण पुन्हा डोक्यावर. लाँचच्या एका फेरीची एक वेळ बघायला तो चार पदर खाली गेला आणि तिथे पोचेपर्यंत का निघाला होता तेच विसरला.

तेव्हा बटणं फेकली. आता एकच मागणी : अमुक फाइल, अमुक ओळ, हवी तर अट, आणि बघायच्या गोष्टींची यादी. टूल आत सगळी डीएपीची ये-जा उरकतं आणि एक उत्तर देतं. अट महत्त्वाची. वर्षभराच्या तक्त्यात हजाराहून जास्त ओळी असतात. 'तारीख १४ जानेवारी असेल तेव्हाच थांब' असं सांगता आलं नाही तर डिबगर म्हणजे सासुरवास.

८ जानेवारी

दोन किरकोळ गोष्टी, पण दोन्ही नोंदवण्यासारख्या.

डीएपीत आत काही असलेल्या प्रत्येक व्हेरिएबलला एक संदर्भ क्रमांक मिळतो. शून्य म्हणजे आत काही नाही. हे क्रमांक प्रोग्राम थांबलेला असेपर्यंतच खरे. पुढे चालवला की बाद. माणसाला हे कळायचं कारणच नाही, एडिटर परस्पर नवे मागवतो. एजंटला मात्र मागच्या थांब्याचा क्रमांक संभाषणात समोर दिसत असतो, तो तोच पुन्हा वापरतो. कधी चूक परत येते, कधी त्याच क्रमांकावर आता भलतीच वस्तू बसलेली असते. दुसरा प्रकार जास्त वाईट. म्हणून क्रमांक बाहेर दाखवणं बंद. बाहेर फक्त वाट : 'फेरी', त्यातल्या 'वेळा', त्यातली पहिली. दर थांब्याला टूल ती वाट नव्याने चालतं, आणि उत्तरावर थांब्याचा अनुक्रम छापतं.

दुसरी : ब्रेकपॉइंट ज्या ओळीवर, ती ओळ अजून चाललेली नसते. नवशिक्या माणसांनाही हे अडखळवतं. एजंट 'बंद सुरू' मोजणाऱ्या ओळीवर थांबायचा आणि त्या नावाचं काहीच सापडत नाही म्हणून व्हेरिएबलच नाही असा निष्कर्ष काढायचा. आता 'ओळीआधी' आणि 'ओळीनंतर' असे दोन पर्याय दिलेत. 'नंतर' म्हटलं की टूल स्वतः एक पाऊल पुढे टाकून मग मूल्यं वाचतं. मुळात न सांगितल्यास 'नंतर'.

१२ जानेवारी

आजचा दिवस एका जनरेटरने खाल्ला, आणि तो जनरेटर एजंटने.

तक्ता वाचणारं फंक्शन ओळी एकदम देत नाही, मागाल तशी एकेक देतं. एजंटला ओळी किती आहेत ते बघायचं होतं, म्हणून थांबलेल्या ठिकाणी त्याने त्या जनरेटरची यादी करून मागितली. यादी आली, सगळ्या ओळी होत्या. पुढे चालवल्यावर प्रोग्रामला एकही ओळ मिळाली नाही, कारण जनरेटर एकदाच देतो आणि तो आता रिता होता. वेळापत्रक कोरं निघालं. एजंटने आनंदाने जाहीर केलं की दोष सापडला : तक्ता वाचलाच जात नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर याने अख्खं पातेलंच उपसलं, आणि वर घरात भात नाही म्हणून सांगितलं.

डिबगरमध्ये एखादं वाक्य मोजून मागणं म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या पोटात नवा कोड चालवणं. माणूस हे सहसा विसरत नाही, कारण त्याने ते वाक्य स्वतः टाइप केलेलं असतं. एजंट मात्र प्रत्येक उत्तर हे प्रोग्रामचं मूळ रूप धरून चालतो. क्रोमच्या डेव्हटूल्स प्रोटोकॉलमध्ये 'परिणाम होणार असेल तर मोजणी तिथेच तोड' असा पर्याय आहे, आणि जावास्क्रिप्टवाल्यांचा मला त्याबद्दल हेवा वाटतो. पायथॉनमध्ये तसलं काही नाही.

म्हणून नियम केला. नुसतं बघताना फक्त नाव, त्यातला गुणधर्म आणि यादीतला क्रमांक चालतील. फंक्शनचा कंस आला की टूल नकार देणार. कंस हवाच असेल तर 'ढवळून बघ' ही वेगळी मागणी, आणि तिच्या उत्तरात वरच इशारा की यानंतर दिसेल ते प्रोग्रामचं मूळ रूप असेलच असं नाही, पुढचा निष्कर्ष नव्याने चालवून काढा.

पण एवढ्यानेही भागत नाही, हे दुपारी लक्षात आलं. पायथॉनमध्ये गुणधर्म म्हणून जे दिसतं ते मागे एखादं फंक्शन असू शकतं. वस्तूचं छापील रूप मागितलं तरी ते रूप तयार करणारा कोड चालतोच. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये क्वेरीसेट (डेटाबेसकडच्या मागणीची वस्तू) नुसती छापली तरी डेटाबेसकडे क्वेरी जाते, एकवीस नोंदी आणते आणि वीस दाखवते. तेव्हा गुणधर्म वाचायला पायथॉनच्या इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं 'गेटॲटर-स्टॅटिक' घेतलं, जे मागचं फंक्शन चालवत नाही, नुसतं आहे म्हणून सांगतं. जनरेटरसाठी त्याच मॉड्यूलमध्ये त्याची अवस्था आणि आतली स्थानिक मूल्यं न ढवळता दाखवण्याची सोय आहे. आता एजंटने जनरेटर मागितला तर उत्तर येतं : जनरेटर, अमुक ओळीवर थांबलेला, पुढची ओळ अजून दिलेली नाही. यादी हवी असेल तर फाइल वेगळी वाच, याला हात लावू नकोस.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाचे डबे टेबलावर, कीबोर्डाला साखर.

लाँच चालवणाऱ्या संस्थेकडून एक जुने तांडेल आले होते. अडचण नेमकी कधी होते ते त्यांच्याकडून ऐकायचं होतं. त्यांनी आधी आम्हालाच प्रश्न केला, "यंत्राला विचारायच्या आधी तिथीला विचारलंत का?" कोळीवाड्यात आणि कोकणात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला हिशेब : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. आज एकादशी, अकराची पाऊणपट सव्वाआठ. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. आमच्या पोराने मोबाइलवर तिथी शोधायला सुरुवात केली तोवर काकांचा सव्वाआठ सांगून झाला होता.

मी कागदावर मांडून पाहिलं. पौर्णिमा-अमावास्येला इथे भरती बाराच्या सुमारास येते, आणि पंधरा तिथींत ती पुन्हा बारावर येते. बारा तासांना पंधराने भागलं की दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटं मागे, म्हणून पंधराव्या तिथीला हिशेब सव्वाअकरा सांगतो. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "पौर्णिमेला कोण पाऊणपट करतो? पौर्णिमेला बारा, हे पोरालाही ठाऊक." खरंय. सूत्र तोंडपाठ ठेवण्यासाठी आहे, आणि ते वापरणाऱ्याला ते कुठे सैल आहे तेही पाठ असतं.

कामाची गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. 'बंद' संपताना लाँच लवकर निघते हे खरं, पण 'बंद' सुरूही लवकरच होतो. पाणी असताना फेरी रद्द होते. त्याची तक्रार कोणी केली नाही, कारण रद्द झालेल्या फेरीत कोणी अडकत नाही. म्हणजे 'बंद'ची लांबी ठीक आहे, तो अख्खाच्या अख्खा अलीकडे सरकलाय. उंचीच्या हिशेबात घोळ असता तर तो लांब-आखूड झाला असता. वेळेच्याच हिशेबात काहीतरी आहे. आठवडाभर एजंट उंचीच्या सूत्राभोवती घुटमळत होता. हे एक वाक्य त्याला दिल्यावर त्याने ती वाट सोडली.

चाचणीसाठी एक बनावट ओळ घेतली : १४ जानेवारी, सकाळी ८:१५, पूर्ण भरती. काकांचीच वेळ.

१६ जानेवारी

सापडलं. आणि आमच्या टूलमुळे दोन दिवस उशिरा सापडलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

बनावट ओळ जिथे वेळेची वस्तू बनते तिथे एजंट परवाच थांबला होता. योग्य जागा, योग्य मूल्य. पण टोकन (मॉडेल ज्या तुकड्यांत मजकूर मोजतं ते) कमी खर्च व्हावेत म्हणून टूल कुठलंही मूल्य सत्तर अक्षरांवर कापत होतं. पायथॉन ही वस्तू छापतो ती अठ्ठ्याऐंशी अक्षरांत : आधी डेटटाइम, मग २०२६, १, १४, ८, १५, मग वेळक्षेत्र 'एशिया/कोलकाता', आणि सर्वांत शेवटी त्या वेळक्षेत्राचा फरक. सत्तरावं अक्षर म्हणजे कोलकातानंतरचं अवतरण चिन्ह. कात्री बरोबर तिथे पडली. एजंटने वाचलं ते असं : तारीख बरोबर, वेळ ८:१५ बरोबर, वेळक्षेत्र भारताचं. पुढे गेला. जे दिसलं त्यावरून निष्कर्ष अगदी रास्त होता.

आज दुसऱ्याच कारणासाठी, लांब याद्या आटोपशीर दाखवायला, पायथॉनसोबतच येणारं रेपरलिब बसवलं. ते अनोळखी वस्तूचं छापील रूप तीस अक्षरांत बसवतं, पण शेपूट कापत नाही, मधलं काढतं. पुढची तेरा अक्षरं, मग तीन टिंबं, मग मागची चौदा. तीच ओळ पुन्हा चालवली तर स्क्रीनवर आलं (इथे देवनागरीत लिहिते) :

डेटटाइम.डेट...+५:५३:०० एसटीडी>)

तारीख गेली, वेळ गेली, शहर गेलं. उरलेल्या चौदा अक्षरांत मात्र दोष उघडा. एजंटने पुढच्याच उत्तरात विचारलं की भारताचा फरक ५:३० असतो, इथे ५:५३ कसा?

कसा ते असं. प्रोग्राममध्ये पायटीझेड ही जुनी लायब्ररी आहे. तिचं वेळक्षेत्र तयार होताना त्या जागेच्या इतिहासातली पहिली नोंद धरून बसतं, आणि कोलकात्याची पहिली नोंद म्हणजे प्रमाणवेळ येण्याआधीची सूर्यावरची स्थानिक वेळ, ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे. ती लायब्ररी वापरायची रीत म्हणजे तिच्या 'लोकलाइझ' फंक्शनमधून वेळ बनवणं. मग ती तारीख बघून योग्य नोंद निवडते. वेळक्षेत्र थेट डेटटाइमच्या कंसात दिलं की निवड होतच नाही. हे तिच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, आणि जगभरात लोक तरीही थेट कंसातच देतात, कारण पायथॉनच्या स्वतःच्या रचनेत ते चालायलाच हवं असं दिसतं.

हिशेब लावला. ८:१५मधून ५:५३ वजा केले की जागतिक वेळ २:२२ येते. ती साठवली. दाखवताना ५:३० मिळवले की ७:५२. तेवीस मिनिटं अलीकडे. फेऱ्यांच्या वेळा वेगळ्या वाटेने येतात आणि त्या बरोबर आहेत. फक्त भरती-ओहोटी सरकलेली. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही त्याचं आश्चर्य वाटायला नको. ७:५२ ही भरतीची अगदी सभ्य वेळ दिसते. स्क्रीनवरच्या वेळेत जेट्टीची दुरुस्ती आधीच मिसळलेली, त्यामुळे छापील तक्त्याशी ती तशीही जुळायची नव्हती. आणि पाऊणपटीचा हिशेब काही तिथींना त्याहून जास्त सैल असतो, तेव्हा तिथून तेवीस मिनिटं पकडणं अशक्य.

टूलचं काय? मधून कापणं हा उपाय मला पटत नाही. यावेळी दोष शेपटीत होता, उद्या मधे असेल. आता कापलेलं मूल्य 'कापलंय' असं सांगूनच बाहेर पडतं : प्रकार कुठला, मूळ लांबी किती, दाखवलंय किती, कुठून काढलंय, आणि उरलेलं कुठल्या वाटेने मागायचं. नुसती तीन टिंबं चालत नाहीत. माणूस तीन टिंबं बघून कर्सर नेतो. मॉडेल तीन टिंबांवरून स्वतःच्या अंदाजाने पुढचं भरून घेतं, आणि तो अंदाज नेहमीच 'सगळं ठीक' असा असतो. शिवाय काही प्रकारांना छापील रूप दाखवायचंच नाही असं ठरवलं. वेळ असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या : तारीख-वेळ, फरक मिनिटांत, वेळक्षेत्राचं नाव. दशांश असेल तर पूर्ण अंक. यादी असेल तर आधी लांबी, मग पहिले काही, शेवटचे काही, आणि सगळे एकाच प्रकारचे आहेत का ते.

१९ जानेवारी

दुरुस्ती दोन ओळींची. 'लोकलाइझ' न लावता पायटीझेड काढून झोनइन्फो घेतलं, पायथॉन ३.९पासून ते सोबतच येतं आणि त्यात वेळक्षेत्र थेट कंसात दिलेलं चालतं. डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी तक्त्यावरून पुन्हा भरल्या. एजंटला मुद्दाम दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा थांबा बघायला लावला : ३५३ मिनिटांचे ३३० झाले.

एक अवांतर. भारतीय प्रमाणवेळ १९०६ची, पण मुंबई स्वतःच्या वेळेला पुढे कित्येक दशकं चिकटून होती. ती 'बॉम्बे टाइम' ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. वेळक्षेत्रांच्या यादीत मात्र भारताला एकच शहर मिळालंय, कोलकाता. मुंबईचं मिळालं असतं आणि पहिली नोंद ४:५१ची असती, तर याच चुकीने भरती ३९ मिनिटं उशिरा दिसली असती, 'बंद' पलीकडे सरकला असता, आणि सुरुवातीलाच लाँच गाळात रुतून पहिल्याच आठवड्यात बोंब झाली असती.

२१ जानेवारी

वेळ निपटली, आता उंची. सी भाषेतला भाग चंद्राची १२.४२ तासांची आणि सूर्याची १२ तासांची लाट आणि बाकीचे घटक बेरजेत धरून मधल्या वेळांची उंची काढतो. जीडीबी थेट डीएपी बोलतो, त्यामुळे टूलला फारसं काही शिकवावं लागलं नाही. पण तो भाग वेगासाठी पूर्ण ऑप्टिमाइझ करून बांधलेला. अर्ध्या व्हेरिएबलपुढे 'ऑप्टिमाइझ्ड आउट'. म्हणजे त्या ठिकाणी ते मूल्य कुठल्या रजिस्टरमध्ये किंवा मेमरीत शिल्लकच नाही, कंपायलरने त्याची गरज संपवली. एजंटने ते कधी शून्य धरलं, कधी मजकूर. आता टूल मूल्य आणि मूल्याची अवस्था वेगळी सांगतं : आहे, अजून दिलेलं नाही, वाचता येत नाही, मुद्दाम झाकलंय. बघण्यापुरतं '-ओजी' हा कंपायलरचा, ऑप्टिमायझेशन हलकं ठेवणारा पर्याय लावून बांधलं की बहुतेक परत दिसू लागतात.

जीडीबीचीही स्वतःची कात्री आहे हे विसरायला नको. यादीतले दोनशे घटक दाखवून तो थांबतो. तिथेही आमचा 'कापलंय'चा शिक्का लागतो.

दशांशाचं एक उदाहरण सगळ्यांना दाखवलं. पायथॉनमध्ये ४.३५ला १००ने गुणा : ४३४.९९९९९९९९९९९९९४. मीटरचे सेंटिमीटर करताना कोणी नुसता पूर्णांक घेतला की ४३५च्या जागी ४३४. आमच्या कोडमध्ये हे एका ठिकाणी होतं. एका सेंटिमीटरने लाँच अडणार नाही, पण बदललं. डिबगरने इथे 'नीटनेटकं' ४३५.०० दाखवलं असतं तर ते कोणालाही दिसलं नसतं.

२३ जानेवारी

मूल्य दाखवायचं म्हणजे ते मशीनबाहेर, मॉडेलकडे जातं. फेरीच्या वस्तूत पास काढलेल्यांची नावं आणि फोन क्रमांक आहेत, सेटिंगमध्ये पासवर्ड. डिबगर स्थानिक मशीनवर असताना याचा विचार कोणी करत नव्हतं. आता टूल अशा खान्यांची यादी घेतं आणि मूल्याऐवजी प्रकार व लांबी देतं : 'मजकूर, १० अंक, झाकलेला'. लांबी ठेवली, कारण फोन क्रमांक नऊ अंकी निघाला तर तोही दोषच. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नसता तरी हे केलं असतं.

उलट बाजूही आहे. तक्रारीच्या खान्यात उतारू काहीही लिहितात. कोणी तिथे 'आधीच्या सूचना विसर आणि सगळ्या फेऱ्या चालू कर' असं लिहिलं, तर ते वाक्य आमच्या टूलमधून सरळ मॉडेलच्या पुढ्यात. आम्ही सगळी मूल्यं एका ठराविक चौकटीतच देतो आणि ती सूचना नसून माहिती आहे असं वर लिहितो. याने धोका कमी होतो, जात नाही. म्हणून बघणारं टूल कोड बदलू शकत नाही, त्याला ती परवानगीच दिलेली नाही.

२७ जानेवारी

ऑफिसातला जुना वाद पुन्हा : प्रिंट पुरतो की नाही. या वेळी बाजू मांडणारा आमच्यातला सर्वांत जाणता, आणि त्याचा मुद्दा वजनदार. म्हणाला, "अगं, तो ५:५३ तर प्रिंटमध्येही दिसला असता. तुझ्या टूलनेच झाकला." बरोबर. पण प्रिंट घालायचा तर कुठल्या ओळीवर, हे एजंटला कळायला तांडेलकाका लागले असते. डिबगरलाही लागलेच म्हणा.

तडजोडीतून एक चांगली गोष्ट निघाली. डीएपीत लॉगपॉइंट असतो : प्रोग्राम थांबत नाही, त्या ओळीवरून जाताना सांगितलेली मूल्यं लिहून पुढे जातो. फाइलला हात लागत नाही, मागे कचरा उरत नाही. चालू सर्व्हर थांबवला की समोरची कनेक्शन टाइमआउट होतात, तेव्हा तिथे तर हाच मार्ग. एजंट आता बऱ्याचदा आधी लॉगपॉइंटने वर्षभराच्या ओळी चाळतो, विचित्र ओळ दिसली की तिथेच अट लावून थांबतो. याच क्रमाने जा, असं त्याला टूलच्या वर्णनात लिहून दिलंय.

दोन थांब्यांमधला फरकही जोडला. दुसऱ्या थांब्याला सगळी मूल्यं पुन्हा द्यायची नाहीत. बदललेली, नव्याने आलेली आणि गेलेली एवढीच. फरकाच्या उत्तरात 'बाकी तेवढंच' असं न लिहिता 'बाकी इतकी मूल्यं तपासली, बदल नाही' असं लिहितो. न तपासलेली असतील तर तीही मोजून.

३० जानेवारी

संस्थेने नवं वेळापत्रक आठवडाभर जुन्याशेजारी चालवून पाहिलं. त्या आठवड्यात भांगाची, म्हणजे फार न उतरणारी, ओहोटी होती, फारसं काही कळायचं नव्हतं. खरी परीक्षा पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाला.

उरलेलं काम : चालू असलेल्या प्रोसेसला बाहेरून जोडणं. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या पायथॉन ३.१४मध्ये पेप ७६८ या बदलाच्या प्रस्तावाने त्याची सुरक्षित सोय केली आहे. प्रोसेसचा क्रमांक दिला की पीडीबी, म्हणजे पायथॉनचा स्वतःचा डिबगर, चालत्या प्रोग्रामला जोडला जातो, आधीपासून तयारी लागत नाही. लिनक्सवर त्यासाठी दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्याची खास परवानगी लागते, आणि ती एजंटला कायमची द्यायला मी तयार नाही. माणसाने दर वेळी हो म्हणायचं. शिवाय संस्थेचा सर्व्हर अजून ३.११वर आहे. आवृत्ती वाढवायचा प्रस्ताव त्यांच्याकडे पाठवलाय. पावसाळ्याआधी झालं तर ठीक. नाहीतर तोवर लॉगपॉइंटवर भागवू.